पिकोला डीबग प्रोब करायचंय, फर्मवेअर जात नाही. मदत हवी

खाडीपलीकडे | शुक्रवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. मी कोपरखैरण्यात राहतो, रबाळे एमआयडीसीत कंट्रोल पॅनलच्या वायरिंगचं काम करतो. मायक्रोकंट्रोलर कुठल्या क्लासला शिकलेलो नाही, गेल्या दीड वर्षात रात्री जागून जमवलं आहे.

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरच्या टाकीसाठी मी एक लेव्हल कंट्रोलर बनवला. रास्पबेरी पाय पिको (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), टाकीच्या झाकणात एचसी-एसआर०४ अल्ट्रासोनिक सेन्सर आणि रिलेवरून खालच्या पंपाचा कॉन्टॅक्टर (पंप चालू-बंद करणारा मोठा स्विच). सेन्सरचा एको (आवाज परत आल्याचा सिग्नल) ५ व्होल्टचा येतो, म्हणून व्होल्टेज कमी करणारा १ के आणि २ के रेझिस्टरचा डिव्हायडर लावून तो पिकोला दिला आहे. फेब्रुवारीपासून छान चालला. जुलै लागला आणि मधेच हँग व्हायला लागला. कधी दोन दिवसांनी, कधी सहा तासांत. मंगळवारी पंप चालू असतानाच हँग झाला आणि वरची टाकी पहाटेपर्यंत वाहत राहिली. खालची टाकी रिकामी झाली आणि सकाळी चोवीस घरांना पाणी नव्हतं. तळमजल्यावरच्या आजी बादली घेऊन शेजारच्या बिल्डिंगमध्ये गेल्या. ते मनातून जात नाही.

कोडमध्ये जागोजागी प्रिंट टाकून पाहिले. लॅपटॉप घेऊन गच्चीवर बसलो की तो बिघडत नाही, आणि बिघडतो तेव्हा मी कंपनीत असतो. इथल्याच एका जुन्या धाग्यात वाचलं की दुसऱ्या पिकोवर डीबगप्रोब हे फर्मवेअर (बोर्डात भरायचा प्रोग्राम) टाकलं की तोच डीबगर होतो आणि हँग झालेल्या बोर्डाच्या आत डोकावता येतं. म्हणून एक जादा पिको आणला.

आता अडचण अशी, की बूटसेलचं (फर्मवेअर भरायच्या मोडचं) बटण दाबून धरून यूएसबी लावतो, पण लॅपटॉपवर ड्राइव्हच दिसत नाही. उबंटू २२.०४ आहे. बोर्डावरचा एलईडीही लागत नाही. बोर्ड खराब निघाला का? आणि फर्मवेअर टाकताना चूक झाली तर बोर्ड कायमचा जातो का? या भीतीने पुढे काही केलेलं नाही.

महापेकर | शुक्रवार, रात्री ११.५२

घाबरू नका, पिको असा जात नाही. तो ड्राइव्ह दाखवणारा प्रोग्राम आरपी२०४० या पिकोवरच्या मुख्य चिपच्या आतल्या १६ केबी रॉममध्ये कारखान्यातच कोरलेला असतो. तुम्ही जे फर्मवेअर टाकता ते बाहेरच्या फ्लॅशमध्ये जातं. फ्लॅशमध्ये काहीही कचरा गेला तरी बटण दाबून लावलं की रॉम पुन्हा पुढे येतो. त्यामुळे हवे तितके प्रयोग करा.

एलईडी न लागणंही बरोबर आहे. नव्या पिकोत प्रोग्रामच नसतो, एलईडी लावणार कोण? आणि फ्लॅश कोरी असेल तर रॉम स्वतःहून यूएसबी मोडमध्ये जातो, म्हणजे कोऱ्या पिकोला बटण न दाबताही ड्राइव्ह दिसायला हवा. तुमच्याकडे बटण दाबूनही दिसत नाही, म्हणून मला पहिला संशय केबलवर आहे. घरात पडलेल्या कितीतरी केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांच्यात डेटाच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. त्याच केबलने मोबाइल लॅपटॉपला जोडा. मोबाइलवर फाइल ट्रान्सफरचा पर्याय आला तर केबल बरी. मायक्रो यूएसबीचा मोबाइल हाताशी नसेल तर सरळ दुसरी केबल आणा.

ऐरोली_तिसरं_वर्ष | शनिवार, सकाळी ९.०५

आमच्या लॅबमध्ये अगदी हेच झालं होतं दादा. तीन जणांनी तीन बोर्ड परत करायला काढले होते आणि तिघांची केबल एकच होती. आता लॅबमधल्या डेटा केबलना आम्ही निळी टेप गुंडाळून ठेवतो.

खाडीपलीकडे | शनिवार, संध्याकाळी ७.४०

केबलच होती! ती ब्लूटूथ स्पीकरबरोबर आलेली. वाशीहून नवी आणली, लावताक्षणी आरपीआय-आरपी२ नावाचा ड्राइव्ह आला. आत दोन फाइल आहेत, एक इंडेक्स आणि एक इन्फो यूएफ२ नावाची टेक्स्ट फाइल. त्या उघडून वाचल्या, बोर्डाचं नाव लिहिलेलं आहे. इतकं बरं वाटलं.

मग डीबगप्रोबची डाउनलोड केलेली फाइल त्यात कॉपी केली. कॉपी झाली असं दाखवतं, पण पुढे काहीच होत नाही. ड्राइव्ह तसाच राहतो. काढून परत लावला तर माझी फाइल गायब आणि पुन्हा त्याच दोन फाइल.

वागळेतला_जुना | शनिवार, रात्री ८.३०

वागळे इस्टेटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये माझी तीस वर्षं गेली. तुमचा धागा वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या वेळी ८०५१ या मायक्रोकंट्रोलरचं कोड ईप्रोम या पुसता येणाऱ्या मेमरी चिपमध्ये भरायचं, चूक निघाली की चिप सॉकेटमधून उपटायची, यूव्ही दिव्याखाली वीस मिनिटं पुसायला ठेवायची, आणि पुन्हा भरायची. दिवसाकाठी जेमतेम आठ-दहा फेऱ्या व्हायच्या, म्हणून प्रत्येक फेरीआधी कागदावर विचार करावा लागे. चालू प्रोसेसर थांबवून आत पाहायचं तर इन-सर्किट एम्युलेटर लागायचा, आणि तो आमच्यासारख्या लहान युनिटला परवडायचा नाही. आज चहा-नाश्त्याच्या खर्चात येणाऱ्या बोर्डावर ते काम होतं, हे पाहून फार आनंद होतो.

आता मुद्द्याचं. तुम्ही कॉपी केलेल्या फाइलच्या नावाचा शेवट काय आहे ते सांगा.

खाडीपलीकडे | शनिवार, रात्री ८.४४

काका, शेवटी झिप आहे.

ऐरोली_तिसरं_वर्ष | शनिवार, रात्री ८.५०

दादा, ती सोर्स कोडची झिप आहे. त्याच पानावर वर यूएफ२ अशा शेवटाच्या फाइल आहेत, त्यातली घ्यायची. तो ड्राइव्ह खरा पेनड्राइव्ह नाहीच, रॉमने उभा केलेला देखावा आहे. आत येणाऱ्या फाइलमध्ये तो ५१२ बाइटचे यूएफ२ ब्लॉक शोधतो. प्रत्येक ब्लॉकवर खूण असते आणि फ्लॅशमध्ये तो कुठे लिहायचा तो पत्ताही असतो. खूण दिसली तर लिहितो, नाही तर टाकून देतो. म्हणून झिप दिली की काहीच बिघडत नाही आणि काहीच होतही नाही. बरोबर फाइल गेली की ड्राइव्ह आपोआप नाहीसा होईल. तेच यश समजायचं.

खाडीपलीकडे | रविवार, दुपारी १.१५

यूएफ२ फाइल टाकली. दोन-तीन सेकंदांत ड्राइव्ह नाहीसा झाला आणि यूएसबी उपकरणांच्या यादीत डीबग प्रोब, सीएमसिस-डॅप (प्रोबशी बोलायची ठरलेली पद्धत) असं नाव आलं. म्हणजे फर्मवेअर बसलं.

दोन्ही पिको दिसायला सारखेच आहेत, काल रात्री एकदा चुकून कंट्रोलरचाच पिको बूटसेलमध्ये घातला होता. आता प्रोबच्या बोर्डावर पांढऱ्या मार्करने "प्रोब" लिहून ठेवलं आहे.

गच्चीवरचा बोर्ड खाली आणून त्याच्या यूएसबीच्या विरुद्ध टोकाच्या तीन भोकांत पिना सोल्डर केल्या. मधली ग्राउंड, एका बाजूला एसडब्ल्यूक्लॉक (डीबगचा क्लॉक), दुसऱ्या बाजूला एसडब्ल्यूडीआयओ (डीबगचा डेटा). प्रोबच्या जीपी२ पिनेवरून क्लॉक, जीपी३ वरून डीआयओ, ग्राउंडला ग्राउंड. लॅपटॉपवर ओपनओसीडी (प्रोबशी बोलणारा प्रोग्राम) टाकलं तर ते म्हणतं आरपी२०४० ची टार्गेट (म्हणजे तपासायच्या बोर्डाची) फाइल सापडत नाही. आता ही फाइल कुठून आणायची?

महापेकर | रविवार, दुपारी २.१०

उबंटू २२.०४ बरोबर ओपनओसीडी ०.११ येतं, त्यात आरपी२०४० नाही. ०.१२ पासून आहे. रास्पबेरी पायची स्वतःची आवृत्ती घेतलीत तर आणखी चांगलं, उद्या पिको २ घेतलात तर ती उपयोगी पडेल. इंटरफेस म्हणून सीएमसिस-डॅपची फाइल, टार्गेट म्हणून आरपी२०४० ची, आणि अ‍ॅडॉप्टर स्पीड सुरुवातीला १००० (किलोहर्ट्झ) ठेवा. सगळीकडे ५००० लिहिलेलं दिसेल, पण तुमच्या तारा किती लांब आहेत मला माहीत नाही. आधी हळू चालवा, जमलं की वाढवा.

आणि आत्ताच सांगून ठेवते: "मॅचिंग सीएमसिस-डॅप डिव्हाइस सापडलं नाही" असं आलं, पण सुडो (मुख्य वापरकर्त्याचे अधिकार) लावून तोच आदेश चालला, तर ती परवानगीची गोष्ट आहे. ओपनओसीडीबरोबर यूडेव्हच्या (कुठलं उपकरण कोणी वापरायचं ते ठरवणाऱ्या) नियमांची एक फाइल येते. ती नियमांच्या फोल्डरमध्ये ठेवा, नियम रीलोड करा, प्रोब काढून परत लावा. रोज सुडोने चालवायची सवय लावून घेऊ नका.

ढोकाळीकर | रविवार, दुपारी ३.३०

माझं मत थोडं वेगळं आहे. मी ब्लू पिल या एसटीएम३२ चिपच्या बोर्डावर ब्लॅक मॅजिक प्रोब या दुसऱ्या डीबगरचं फर्मवेअर टाकून वापरतो. त्यात जीडीबीचा (लॅपटॉपवरच्या डीबगर प्रोग्रामचा) सर्व्हर प्रोबच्या आतच असतो, मधे ओपनओसीडी लागत नाही. यूएसबीला दोन सिरीयल पोर्ट दिसतात, एकावर जीडीबी, दुसऱ्यावर टार्गेटचा यूआर्ट (त्याची सिरीयल लाइन). आवृत्ती, कॉन्फिग फाइल ही भानगडच उरत नाही.

महापेकर | रविवार, दुपारी ३.५५

ब्लॅक मॅजिक मलाही आवडतो, ऑफिसच्या टेबलावर आहे. पण ब्लू पिलमध्ये फर्मवेअर टाकायचं म्हणजे बूट० चा जंपर हलवून यूएसबी-सिरीयलने नाही तर एसटी-लिंक या वेगळ्या प्रोबने सुरुवात करावी लागते. वर बाजारातल्या ब्लू पिलवर नेमकी कुठली चिप आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही. एसटी कंपनीच्या नावाखाली दुसऱ्याच चिपा येतात, कित्येक बोर्डांवर यूएसबीच्या पुल-अपला १.५ के ऐवजी १० के चा रेझिस्टर असतो आणि मग काही लॅपटॉपवर बोर्ड ओळखलाच जात नाही. ज्याच्या टाकीचं पाणी वाहून जातंय त्याला या वाटेला लावू नये. पिकोवर ते अर्ध्या वाटेपर्यंत आले आहेत, तिथूनच पुढे जाऊ द्या.

ढोकाळीकर | रविवार, संध्याकाळी ४.१०

पटलं. १० के चा रेझिस्टर मी स्वतः काढून बदललेला आहे.

खाडीपलीकडे | रविवार, रात्री १०.३५

ताई, ०.१२ बसवलं. परवानगीची चूक तुम्ही म्हणालात तशीच आली आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे गेली. आता ओपनओसीडी प्रोबला ओळखतं, क्लॉक १००० दाखवतं, आणि मग "फेल्ड टु कनेक्ट मल्टिड्रॉप" (म्हणजे टार्गेटशी जोडणी झाली नाही) म्हणून थांबतं. तारा चार वेळा तपासल्या. कंटिन्युइटी बझरवर पाहिली, सोल्डरवर भिंग धरून पाहिलं, ग्राउंड बरोबर, टार्गेटला ३.३ व्होल्ट आहेत. तारा १२ सेंटीमीटरच्या. स्पीड १०० पर्यंत खाली आणला. क्लॉक-डीआयओची अदलाबदल करूनही पाहिली. सात तास झाले. वायरिंग हा माझा रोजचा धंदा आहे आणि मी खात्रीने सांगतो, तारांत दोष नाही.

वागळेतला_जुना | रविवार, रात्री १०.५०

तुमच्या वायरिंगवर माझा विश्वास आहे. मग प्रोब जिथे सिग्नल काढतोय आणि तुम्ही जिथे तार लावली आहे, त्या दोन जागा एकच आहेत का ते तपासायला हवं. ऑसिलोस्कोप असेल तर जीपी२ वर क्लॉक दिसतो का बघा. नसेल तर जीपी२ आणि ग्राउंडमध्ये एलईडी आणि १ के चा रेझिस्टर लावा, आणि ओपनओसीडी पुन्हा पुन्हा चालवा. १०० च्या वेगाला थोडा तरी मिणमिणला पाहिजे.

महापेकर | रविवार, रात्री १०.५८

काकांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. तुम्ही टाकलेल्या यूएफ२ फाइलचं नाव जसंच्या तसं लिहा. अक्षरन् अक्षर.

खाडीपलीकडे | रविवार, रात्री ११.०२

डीबगप्रोब डॉट यूएफ२.

महापेकर | रविवार, रात्री ११.१४

सापडलं. तुमच्या तारा खरंच निर्दोष आहेत.

त्या पानावर तीन यूएफ२ फाइल असतात. नुसती "डीबगप्रोब" ही रास्पबेरी पायच्या तयार डीबग प्रोबची, फेब्रुवारी २०२३ मध्ये १२ डॉलरला आलेल्या त्या छोट्या डबीतल्या बोर्डाची. "डीबगप्रोब ऑन पिको" ही तुमची. "डीबगप्रोब ऑन पिको २" ही आरपी२३५० वाल्या नव्या पिकोची. पहिल्या दोन्ही बोर्डांवर चिप एकच, आरपी२०४०. म्हणून चुकीची फाइलही बिनतक्रार चढते, चालू होते, यूएसबीवर नावही बरोबर सांगते. लॅपटॉपच्या बाजूने सगळं खरं दिसतं. पण त्या डबीतल्या बोर्डावर क्लॉक आणि डीआयओ वेगळ्या पिनांवर काढलेले आहेत, त्यामुळे फर्मवेअर तिकडच्या पिना हलवतंय आणि तुमची जीपी२ शांत पडून आहे. यूएसबीच्या यादीत नाव आलं की आपण "फर्मवेअर बसलं" म्हणतो, पण ते प्रोबचं एकच तोंड आहे. दुसरं तोंड टार्गेटकडे असतं, आणि ते बरोबर असल्याचा पुरावा टार्गेटची ओळख वाचली गेली तरच मिळतो.

बूटसेल दाबा, ऑन पिको वाली फाइल टाका. मधे काही पुसायची गरज नाही. तारा पहिल्यासारख्या, क्लॉक जीपी२ ला.

खाडीपलीकडे | रविवार, रात्री ११.३१

आलं!! आरपी२०४० चे दोन्ही कोर दाखवतंय, ओळखीचा आकडा दोनदा आला, आणि ३३३३ पोर्टवर जीडीबीची वाट पाहतोय असं लिहिलंय. ताई, काका, धन्यवाद. सात तास तारांना दोष देत होतो आणि दोष फाइलच्या नावात होता. स्पीड ५००० केला तरी चालतंय.

उद्या बोर्ड वर लावतो. हँग झाल्यावर नेमकं काय करायचं ते सांगाल का? ती संधी एकदाच मिळेल, चुकवायची नाही.

महापेकर | सोमवार, सकाळी ८.२०

हे नीट वाचा. याच ठिकाणी लोक हातातला पुरावा घालवतात.

आज बोर्ड खाली आहे तोवर कोड डीबग बिल्डमध्ये पुन्हा कंपाइल करून त्यात टाका आणि त्याच बिल्डची ईएलएफ फाइल जपून ठेवा. यूएफ२ फाइल फक्त टाकण्यापुरती. कुठला पत्ता कुठल्या ओळीचा, हे जीडीबीला ईएलएफमधूनच कळतं. बोर्डात एक बिल्ड आणि हातात दुसऱ्या बिल्डची ईएलएफ असेल तर जीडीबी आत्मविश्वासाने चुकीची ओळ दाखवेल.

वर बोर्डाला त्याच्या स्वतःच्या सप्लायवर चालू द्या. प्रोबकडून फक्त तीन तारा: क्लॉक, डीआयओ, ग्राउंड. व्हीसिस (सप्लायची पिन) जोडू नका, नाही तर दोन सप्लाय एकमेकांना भिडतील. प्रोब मोबाइलच्या चार्जरवर ठेवा. हँग झाला की प्रोब चार्जरवरून काढून लॅपटॉपला लावा. त्याने टार्गेटला धक्का लागत नाही, तो आपल्या सप्लायवर तसाच अडकलेला राहतो.

मग ओपनओसीडी सुरू करा, जीडीबीला ईएलएफ द्या, ३३३३ ला जोडा. जोडताक्षणी प्रोसेसर थांबतो. बॅकट्रेस (प्रोसेसर कुठल्या फंक्शनमधून कुठे आला त्याची यादी) मागा. दोन्ही कोरचा मागा. रीसेट अजिबात देऊ नका. लोड देऊ नका. व्हीएस कोडमधलं डीबगचं बटण वापरत असाल तर ते लाँचवर असतं, म्हणजे ते नवा प्रोग्राम टाकून बोर्ड पहिल्यापासून सुरू करतं, आणि दोन दिवस वाट पाहिलेला हँग एका क्लिकमध्ये पुसला जातो. अटॅच हवं.

वागळेतला_जुना | सोमवार, सकाळी ९.००

एक भर घालतो, ही माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची आहे. प्रोसेसर थांबला की रिले ज्या अवस्थेत आहे त्याच अवस्थेत राहतो. पंप चालू असेल तर चालूच. म्हणून लॅपटॉप उघडण्याआधी खाली स्टार्टरवरून पंप बंद करा आणि मगच वर जा.

खाडीपलीकडे | सोमवार, सकाळी ९.२०

होय काका. आमच्या सेक्रेटरींनाही सांगून ठेवतो. ताई, तोवर वॉचडॉग लावू का? हँग झाला तर आपोआप रीसेट होईल, लोकांना त्रास नको.

महापेकर | सोमवार, सकाळी ९.४५

वॉचडॉग लावायचाच आहे, पण कारण सापडल्यावर. आत्ता लावलात तर बोर्ड काही सेकंदांत स्वतःला रीसेट करेल आणि आत काय झालं ते कधीच कळणार नाही. तोवर रात्री पंप हातानेच चालवा. पुढे लावाल तेव्हा दोन गोष्टी: आरपी२०४० मध्ये तो जास्तीत जास्त ८.३ सेकंदांचा लावता येतो, आणि तो सुरू करणाऱ्या फंक्शनला डीबगरने थांबवल्यावर थांबायचं की नाही हा दुसरा आर्ग्युमेंट आहे, तो ट्रू द्या. नाही तर तुम्ही ब्रेकपॉइंटवर विचार करत बसाल आणि बोर्ड रीसेट होईल.

खाडीपलीकडे | गुरुवार, रात्री १०.१०

सापडला.

आज संध्याकाळी पाऊस धो धो होता. साडेसहाला कंपनीतून आलो, वर गेलो तर बोर्डाचा दर सेकंदाला लुकलुकणारा एलईडी स्थिर. पंप बंदच होता, तरी खाली जाऊन स्टार्टर बघून आलो. जिन्याच्या टोपीखाली बादली उलटी टाकून त्यावर लॅपटॉप ठेवला, मुलाने वर छत्री धरली. हात थरथरत होते, खरं सांगतो. प्रोब चार्जरवरून काढला, लॅपटॉपला लावला, ओपनओसीडी, जीडीबी, बॅकट्रेस.

तीनच ओळी आल्या. सगळ्यात वर माझं अंतर मोजायचं फंक्शन, त्याच्याखाली टाकी तपासायचं फंक्शन, त्याच्याखाली मेन. आणि ओळीचा क्रमांक. फंक्शनमध्ये मी दोन लूप लिहिले आहेत. पहिला एकोची पिन वर जाईपर्यंत थांबतो, दुसरा ती खाली येईपर्यंत. प्रोसेसर पहिल्या लूपमध्ये उभा होता. चालू केला, पुन्हा थांबवला, तीच ओळ. पाच वेळा केलं, तीच ओळ. त्या लूपला बाहेर पडायची वाटच मी ठेवलेली नव्हती. एको आला नाही तर तो जन्मभर तिथेच उभा राहणार.

प्रिंट टाकून इतके दिवस शोधत होतो, कारण मला वाटायचं रिले बसताना झटका येऊन बोर्ड अडकतो. त्या बाजूला मी कपॅसिटर लावले, डायोड बदलला. कोड तिथे अडकतच नव्हता.

महापेकर | गुरुवार, रात्री १०.२५

फार छान पकडलंत. आणि पहिल्या लूपमध्ये होता ही मोठी खबर आहे. दुसऱ्या लूपमध्ये अडकला असता तर एको वर गेला, पण खाली आला नाही, म्हणजे सेन्सरच गोंधळला असं म्हटलं असतं. पहिल्यात अडकला म्हणजे एको पिकोपर्यंत पोहोचलाच नाही. ट्रिगर सेन्सरला गेला नाही, नाही तर एको परत आला नाही, नाही तर सेन्सरचा सप्लाय गेला. उद्या उजेडात सेन्सरकडचा कनेक्टर उघडून बघा. पावसातच होतंय, तेव्हा मला तारेवर संशय आहे. हँग कोडमुळे झाला हे खरं, पण कोडला तिथे नेणारं काहीतरी वर झाकणाशी आहे.

खाडीपलीकडे | शुक्रवार, सकाळी ७.५०

ताई, कनेक्टर उघडला. चार पिनांपैकी एकोची पिन पूर्ण हिरवी. बाकी तिन्ही काळपट, पण धरून होत्या. टाकीच्या झाकणाखाली वाफ धरते, थेंब तारेवरून ओघळत नेमके त्या कनेक्टरात उतरत होते. मी तार झाकणातून सरळ खाली आणली होती. पॅनलमध्ये आम्ही प्रत्येक केबलला ग्लँडपाशी खाली झोळ देतो, म्हणजे पाणी झोळाच्या टोकाला गळून पडतं. घरच्या कामात तेच राहून गेलं.

आता कनेक्टर काढून तार सरळ सोल्डर केली, हीट श्रिंक घातलं, झोळ दिला. सेन्सरही बदलणार आहे, वॉटरप्रूफ डोक्याचा जेएसएन-एसआर०४टी मागवला आहे. दोन्ही लूपना वेळेची मर्यादा घालतो. किती ठेवू?

ऐरोली_तिसरं_वर्ष | शुक्रवार, सकाळी ८.३०

दादा, हिशोब सोपा आहे. सेन्सरचा पल्ला ४ मीटर धरला तर आवाज जाऊन येऊन ८ मीटर जातो. सेकंदाला ३४३ मीटर धरले तर २३ मिलिसेकंद आणि थोडे वर. ३० ठेवलेत तर पुरे. तुमची टाकी तर त्याहून उथळच असेल.

महापेकर | शुक्रवार, सकाळी ८.४१

३० बरोबर. आणि मर्यादा संपली की शून्य परत करू नका. शून्य अंतर म्हणजे टाकी भरली असं कोड समजेल. वेगळा "वाचन मिळालं नाही" असा निकाल द्या, लागोपाठ तीन वेळा मिळाला तर पंप बंद करून बझर. त्यानंतर वॉचडॉग लावा.

वागळेतला_जुना | शुक्रवार, सकाळी ९.१५

माझा आग्रह राहील की टाकीच्या वरच्या काठाला एक साधा फ्लोट स्विच बसवा आणि त्याचा संपर्क कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत सिरीजमध्ये घ्या. पाणी त्या रेषेला आलं की कॉइल सुटली पाहिजे, पिको काहीही म्हणत असो. कॉइल २३० व्होल्टची असेल तर ती वाट गच्चीपर्यंत नेऊ नका, टाकीकडे २४ व्होल्टची रिले ठेवा. तुम्ही पॅनलवाले आहात, बाकी सांगायला नको.

खाडीपलीकडे | रविवार, रात्री ९.००

काका, फ्लोट बसला. २४ व्होल्टवर घेतला आहे. काल सेन्सरची तार मुद्दाम काढून पाहिली. साधारण तीन सेकंदांत पंप बंद, बझर चालू, एलईडी लुकलुकतच राहिला. मग पिकोचा रिले हाताने दाबून धरला आणि टाकी भरू दिली. पाणी फ्लोटला लागलं आणि खाली कॉन्टॅक्टर सुटल्याचा ठक् आवाज सेक्रेटरींनी फोनवर ऐकवला.

प्रोब काढून घेतला आहे, पण टार्गेटवरच्या तीन पिना तशाच ठेवून त्यांच्यावर रबरी टोपी घातली आहे. डब्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवला: कुठली पिन कशाची, कुठली यूएफ२ फाइल, आणि आत्ता बोर्डात असलेल्या बिल्डची तारीख.

ऐरोली_तिसरं_वर्ष | रविवार, रात्री ९.२०

दादा, आमच्या मिनी प्रोजेक्टचा बोर्ड पण मधेच अडकतो. पिको डब्ल्यू आहे. त्याच्या तीन पिना टोकाला नाहीत, चिपजवळ मधे आहेत, सोल्डर करायला हात धजत नाही. प्रोब घेऊन एकदा बघाल का?

खाडीपलीकडे | रविवार, रात्री ९.३२

पुढच्या रविवारी सकाळी घरी ये, ठाणे-वाशी गाडीने कोपरखैरण्याला उतर, स्टेशनवर घ्यायला येतो. पिना मी लावून देतो. ईएलएफ फाइल आठवणीने आण, आणि ती निळ्या टेपची केबल.